७८ सेंटिमीटरवरचं पान: एका व्हायोलिनवादकाच्या चष्म्याचं प्रकरण

हे प्रकरण एका माणसाचं नाही. वाद्यवृंदात बसून नोटेशन वाचणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या वादकांच्या ज्या तक्रारी पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या एकत्र करून ते बेतलं आहे. आकडे मात्र खऱ्या हिशोबाचे आहेत. कुणीही कागद-पेन घेऊन ते पडताळून पाहावेत.

वादक ५४ वर्षांचे. लहानपणी गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळेत स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकले, पुढे मुंबईत रेकॉर्डिंग आणि वाद्यवृंद. बसतात पहिल्या व्हायोलिनच्या तिसऱ्या डेस्कवर, म्हणजे एका स्टँडवर दोघे. आठ महिन्यांपूर्वी चांगल्या दर्जाचा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर) केला. त्यात रस्ता स्पष्ट, मोबाइल स्पष्ट, पण स्टँडवरचं पान मात्र कधी दिसतं, कधी नाही. तालमीच्या दुसऱ्या तासाला मान आणि उजवा खांदा भरून येतो, डोळे चुरचुरतात. वेगवान जागी सूर रेषेवर आहे की दोन रेषांच्या मध्ये, याचा अंदाज घ्यावा लागतो. दुकानदार म्हणाला, "सवय होईल." आठ महिन्यांत झाली नाही, आणि होणारही नव्हती.

पहिले तीन प्रश्न

यंत्राला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारल्या, तर अर्धं निदान तिथेच होतं. पुसट दिसत असताना डोळे मिचकावले की क्षणभर स्पष्ट होतं का? होत असेल, तर अश्रूंचा थर लवकर फुटतो आहे. पुढे-मागे झुकलं की स्पष्ट होतं का? मग चष्म्याचा नंबर त्या अंतराचा नाही. हनुवटी उचलली किंवा मान फिरवली की स्पष्ट होतं का? मग काच प्रोग्रेसिव्ह आहे आणि नजर तिच्या चुकीच्या भागातून जाते आहे.

या वादकांची तिन्ही उत्तरं "हो" होती. म्हणून एकच उपाय पुरणार नव्हता. आठ महिने प्रत्येकाने एकेकच उपाय सुचवला, हीच खरी अडचण झाली होती.

तपासणीत काय आढळलं

दूरचा नंबर (सिलिंडर म्हणजे एका दिशेतला वेगळा नंबर, अक्ष म्हणजे त्याची दिशा): उजवा −१.५०, सिलिंडर −०.५०, अक्ष ९०, डावा −१.२५, सिलिंडर −०.७५, अक्ष ९०. चष्म्यासह दोन्ही डोळे ६/६. जवळ फोकस करण्याची उरलेली ताकद १.५० डायऑप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक; १ भागिले डायऑप्टर म्हणजे मीटरमधलं अंतर). वय ५४ असताना हॉफस्टेटर यांच्या सूत्राने (१५ वजा वयाचा पाव भाग) किमान अपेक्षित ताकदही तेवढीच येते, म्हणजे वयाला धरून. प्रोग्रेसिव्हमधली वाचनाची भर (अ‍ॅड, म्हणजे जवळच्यासाठी दूरच्या नंबरात मिळवायचा आकडा) +१.७५, ४० सेंमीसाठी बरोबर. डोळ्यांचा दाब १४ आणि १५, पडदा आणि नस व्यवस्थित, मोतीबिंदू नाही. अश्रूंचा थर टिकण्याचा वेळ ६ सेकंद. १० सेकंदांच्या खाली तो कमी धरतात. रोज रात्री सर्दीसाठी सेटिरिझिनची गोळी चालू होती.

डोळ्यांचा दाब तपासलाच पाहिजे, आणि वादक फुंकून वाजवणारा असेल तर विशेषच. ट्रम्पेट, ओबो यांसारख्या वाद्यांत हवेला मोठा अडथळा असतो. वाजवताना डोळ्यांतला दाब तात्पुरता वाढतो, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलं गेलं आहे. अशा वादकाला काचबिंदूचा धोका असेल, तर तो रोज किती तास वाजवतो हे डॉक्टरांना सांगायला हवं. दवाखान्यात शांत बसून मोजलेला दाब हा वाजवतानाचा दाब नसतो. इथे वाद्य व्हायोलिन असल्याने तो मुद्दा नव्हता.

फीत घेऊन बसणं

नेत्रतपासणीत वाचनाचा तक्ता ४० सेंमीवर धरतात. संगणकाचं अंतर विचारलं तर ६०–६५ धरतात. म्युझिक स्टँड या दोन्ही चौकटींत बसत नाही, आणि वादकाने तोंडी सांगितलेलं अंतर जवळजवळ नेहमीच चुकतं. या वादकांनी "दोन फूट" सांगितलं होतं, म्हणजे ६१ सेंमी.

प्रत्यक्ष मोजमाप तालमीच्या जागी करायचं. नेहमीची खुर्ची, नेहमीची स्टँडची उंची, व्हायोलिन खांद्यावर, गज तारेवर. शेजाऱ्याने शिंप्याची फीत चष्म्याच्या पुलापासून, म्हणजे नाकावरच्या जोडापासून, धरायची आणि चार अंतरं लिहायची: आपल्या बाजूच्या पानाची जवळची कड, दोन पानांच्या मधली शिवण, शेजाऱ्याच्या पानाची लांबची कड आणि कंडक्टरचा (वाद्यवृंदाच्या संचालकाचा) हात. सोबत कमरेपासून वरचा एक फोटो बाजूने आणि एक समोरून. वादकाच्या बाबतीत आकडे आले ७२, ७८, ९२ सेंमी आणि ५ मीटर. स्टँडची वरची कड डोळ्यांच्या पातळीखाली सुमारे ५ अंशांवर, पानाचा मध्य १६ अंशांवर, खालची कड २५ अंशांवर.

समोरच्या फोटोने आणखी एक गोष्ट दाखवली. व्हायोलिन धरताना डोकं डावीकडे वळलेलं असतं, पण स्टँड समोर असतो. त्यामुळे डोळे डोक्याच्या रोखापेक्षा सुमारे १५ अंश उजवीकडे वळलेले राहतात. ही गोष्ट बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाची ठरली.

प्रोग्रेसिव्ह का हरला

प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली नंबर हळूहळू बदलतो आणि त्या बदलाची किंमत दोन्ही बाजूंना चुकवावी लागते. मिंकविट्झ यांनी १९६३ साली मांडलेल्या नियमानुसार, मधल्या पट्ट्यात नंबर ज्या वेगाने खाली बदलतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर वाढतो. इथे +१.७५ ची भर १४ मिमीच्या पट्ट्यात बसवली होती. म्हणजे दर मिलिमीटरला ०.१२५, आणि बाजूला दर मिलिमीटरला ०.२५ डायऑप्टर. अर्धा डायऑप्टर दोष चालवून घेतला, तरी मधोमध २-२ मिमी, एकूण ४ मिमी रुंदीच कामाची उरते. डोळा ज्या केंद्राभोवती फिरतो ते काचेच्या सुमारे २७ मिमी मागे असतं. ४ मिमीच्या त्या फटीतून ७८ सेंमीवर साधारण १२ सेंमी रुंद पट्टा स्पष्ट दिसतो. वाद्यवृंदाची उघडी दोन पानं जवळपास ५० सेंमी रुंद असतात.

त्यात नजर १५ अंश उजवीकडे. २७ मिमीवर १५ अंश म्हणजे काचेवर ७ मिमी. कामाचा पट्टा मध्यापासून फक्त २ मिमी. याचा अर्थ, व्हायोलिन नीट धरलेलं असताना या वादकांची नजर त्या पट्ट्यातून कधी जातच नव्हती. ती नेण्यासाठी ते डोकं उजवीकडे वळवत, हनुवटी सुटू लागे, मग खांदा वर उचलून वाद्य आवळून धरत. खांदेदुखीचं मूळ तिथे होतं. फिजिओथेरपीने आराम पडत होता, पण पुढच्या तालमीला दुखणं परत येत होतं.

उभ्या दिशेतही गणित बसत नव्हतं. पानाच्या वरच्या ओळीकडे पाहताना नजर काचेच्या मध्यापासून जेमतेम २.४ मिमी खालून जाते. तिथे भर मिळते ०.३० च्या आसपास, हवी असते किमान अर्ध्या डायऑप्टरच्या वर. म्हणून हनुवटी वर जायची. खालच्या ओळींना मात्र १.५० च्या पुढे भर मिळायची, म्हणजे सुमारे ६४ सेंमीच्या पलीकडे सगळं पुसट. एकाच पानाला वर कमी आणि खाली जास्त.

काच वाईट नव्हती. चालणं, बाजार, मोबाइल यांसाठी ती उत्तम आहे आणि त्यासाठी ती तशीच ठेवली.

चष्मा काढून वाजवणं

बारीक ऋण नंबर असलेले बरेच वादक हा मार्ग शोधून काढतात, आणि यांनीही काढला होता. उजव्या डोळ्याचा −१.५० म्हणजे चष्म्याशिवाय ६७ सेंमीपर्यंत स्पष्ट, डाव्याचा −१.२५ म्हणजे ८० पर्यंत. ऐकायला छान वाटतं. पण ९० अंशांवरच्या सिलिंडरमुळे हे अंतर फक्त आडव्या रेषांना लागू होतं. उभ्या रेषा दोन्ही डोळ्यांत ५० सेंमीलाच स्पष्ट होतात. स्टाफच्या पाच रेषा सुबक दिसतात, पण सुरांच्या दांड्या, बार-रेषा (तालाचे भाग पाडणाऱ्या उभ्या रेषा), शार्पची (सूर चढवण्याची) खूण पसरट होतात. लय वाचायची ती नेमकी उभ्या रेषांवरून. वर कंडक्टर दीड डायऑप्टरने पुसट. एखाद्या तालमीपुरतं चालेल, मैफिलीला नाही.

पान किती मोठं आहे

वाद्यवृंदांच्या ग्रंथपालांची मोला नावाची संघटना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत पार्टच्या (एका वाद्यापुरत्या नोटेशनच्या पानांच्या) स्टाफची उंची ८ मिमी असावी आणि ७ मिमीखाली ती जाऊच नये, असं सांगितलं आहे. ८ मिमीच्या स्टाफमध्ये दोन रेषांमधलं अंतर २ मिमी. ७८ सेंमीवरून ते डोळ्याशी ८.८ कोनीय मिनिटांचं होतं, म्हणजे तक्त्यावरच्या ६/९ आणि ६/१२ या ओळींच्या मधलं अक्षर. वेगाने आणि न थकता वाचायला अक्षर डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या सर्वांत लहान अक्षराच्या दुपटीच्या आसपास लागतं. ६/६ दिसणाऱ्याकडे इथे जेमतेम तेवढी शिल्लक आहे.

आता १० बाय १३ इंचांचा पार्ट ए-४ कागदावर झेरॉक्स करा. रुंदी बसवायला तो ८३ टक्क्यांवर येतो, स्टाफ ६.६ मिमीचा होतो. १२.९ इंची टॅबलेटवर अख्खं पान दाखवलं तर ६.२ मिमी. शिल्लक संपली, त्यावर चष्म्याची अर्ध्या डायऑप्टरची चूक झाली की सूर रेषेवर की मध्ये, हा अंदाजाचा खेळ होतो. या वादकांचे बरेचसे पार्ट ए-४ झेरॉक्सचेच निघाले. म्हणून पहिला, सर्वांत स्वस्त उपाय: ए-३ वर झेरॉक्स, समास कापून. टॅबलेट असेल तर पानाचे पांढरे समास क्रॉप करायचे. नवा चष्मा येण्याआधीच यामुळे निम्मी तक्रार हलकी झाली.

नंबर ठरवणं

ट्रायल फ्रेममध्ये (काचा बदलता येणाऱ्या तपासणीच्या चष्म्यात) दूरचा पूर्ण नंबर सिलिंडरसह घातला, त्यावर +०.५०, +०.७५ आणि +१.०० आळीपाळीने. वादकाने व्हायोलिन धरून, स्वतःचा पार्ट ७८ सेंमीवर ठेवून प्रत्येकी पाच मिनिटं वाजवायचं. नुसतं वाचून दाखवायला सांगितलं तर माणूस डोकं सरळ धरतो आणि चाचणी फुकट जाते.

हिशोब असा. माणूस आपल्या उरलेल्या ताकदीपैकी अर्धी, इथे ०.७५, तासन्‌तास वापरू शकतो. +०.५० मध्ये आरामाची जवळची हद्द ८० सेंमीवर येते. ७२ ते ७८ वरचं पान दिसेल, पण दोन तासांत थकवेल. +१.०० मध्ये पान अगदी सोपं, पण स्पष्टतेची दूरची हद्द १०० सेंमी. शेजाऱ्याच्या पानाची कड ९२ वर आहे, वादक थोडे मागे टेकले की ती हातातून जाते, आणि कंडक्टर ०.८० डायऑप्टरने पुसट होतो. +०.७५ मध्ये ६७ पासून १३३ सेंमीपर्यंत आरामात स्पष्ट, आणि ५ मीटरवरचा कंडक्टर ०.५५ ने पुसट, म्हणजे ६/९ च्या आसपास. चेहऱ्यावरचे बारीक भाव जातात, पण हात, बॅटन आणि श्वासाची खूण नीट कळते.

बायफोकलही करून पाहिला: वर दूरचा नंबर, खाली +०.७५. सरळ डोक्याने पियानो किंवा चेलो वाजवणाऱ्याला तो बहुधा उत्तम. फक्त रेषा नेहमीपेक्षा वर, बाहुलीच्या मध्याखाली २ मिमीवर घ्यावी लागते, कारण स्टँडची वरची कड ५ अंशांवरच सुरू होते. व्हायोलिनवादकाचं डोकं हनुवटीच्या आधारावर एका बाजूला कलतं, त्याबरोबर रेषाही कलते आणि एका पानाच्या वरच्या दोन ओळींना कापून जाते. यांच्या बाबतीत तेच झालं. एका डोळ्याला दूरचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देण्याचा पर्याय सुचवला नाही. पानाच्या बारकाव्याला दोन्ही डोळे लागतात.

ठरलं ते असं: साधी एकाच नंबरची काच, उजवा −०.७५, सिलिंडर −०.५०, अक्ष ९०, डावा −०.५०, सिलिंडर −०.७५, अक्ष ९०. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग. काचेची उंची ३० मिमीच्या आसपास, सिलिकॉनची नाकपट्टी, म्हणजे घामाने चष्मा घसरून वरची कड कंडक्टरच्या आड येत नाही.

दुकानात झालेली चूक

पहिली जोडी चुकीची बनून आली. चिठ्ठीवर दूरचा नंबर आणि पुढे "अ‍ॅड +०.७५" एवढंच होतं. दुकानाने त्यावरून पुन्हा प्रोग्रेसिव्ह बनवला, कारण अ‍ॅड दिसली की तिथे तोच रिवाज. दुसऱ्यांदा चिठ्ठीवर बेरीज करून आलेला शेवटचा नंबर लिहिला, अ‍ॅडचा रकाना आडवी रेघ मारून बंद केला आणि खाली लिहिलं: "फक्त सिंगल व्हिजन, म्युझिक स्टँड, ७८ सेंमी." डोळ्यांमधलं अंतर ६४ ऐवजी ६२ मिमी घेतलं. इतक्या बारीक नंबरला त्या फरकाने काही बिघडत नाही, त्यावर वेळ घालवायची गरज नाही.

वादकाला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. हा चष्मा लावून गाडी चालवायची नाही. आणि यात मोबाइल वाचता येणार नाही, तो दोष नाही. ४० सेंमीला लागणारी ताकद यात नाहीच.

कोरडेपणा आणि राळ

पान अवघड असतं तेव्हा माणूस डोळे मिचकावणं विसरतो. त्यात एसीची हवा थेट चेहऱ्यावर येत होती. सेटिरिझिनही अश्रू कमी करतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलून गोळीऐवजी नाकातला स्प्रे सुरू झाला. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोजचे थेंब दिवसातून चार वेळा, त्यांतली एक वेळ तालमीच्या वीस मिनिटं आधी. जेलचे दाट थेंब फक्त झोपताना, कारण त्यानंतर काही वेळ पुसट दिसतं. रंगमंचाच्या धास्तीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणारे वादकही असतात. त्यानेही डोळे कोरडे पडू शकतात, आणि काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर दोन्ही मिळून नाडी मंदावू शकते. म्हणून ते विचारायचंच, वादक स्वतःहून सांगत नाहीत.

गजाच्या राळेची भुकटी काचेवर चिकटते. कोरड्या फडक्याने पुसली की कोटिंगवर बारीक ओरखडे पडतात आणि स्टँडच्या दिव्याभोवती धुकं दिसू लागतं. जुन्या चष्म्याची डावी काच तशीच झाली होती, वाद्य त्या बाजूला असतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी चोळून धुवायचं, मग मऊ सुती कापड. स्पिरिट नको. राळ लागलेल्या बोटांनी डोळे चोळायचे नाहीत. तालीम संपली की आधी हात धुवायचे.

दिवा

मोबाइलवरच्या लक्स (उजेड मोजण्याचं एकक) अ‍ॅपचा आकडा ढोबळ असतो, पण एकाच पानावरची तुलना करायला तो पुरतो. पानाच्या मध्यावर ३२०, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात ६०. अंधारात बाहुली मोठी होते, मग नंबरातली छोटी चूकही जास्त जाणवते. त्यामुळे कोपरा दुहेरी पुसट. एका डोक्याचा दिवा काढून रुंद पट्टीचा एलईडी दिवा स्टँडच्या वरच्या कडेवर लावला. कोपऱ्यात १५० च्या वर यायला हवं होतं, आलं. पट्टी खाली झुकवली, म्हणजे ती शेजाऱ्याच्या डोळ्यात जात नाही. मैफिलीआधी बॅटरी पूर्ण भरायची. उतरत्या बॅटरीवर दिवा इतका हळू मंदावतो की वादकाच्या ध्यानातही येत नाही.

दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी

दोन आठवड्यांनी मान जवळपास मोकळी, खांदा थोडा बाकी. हनुवटी उचलण्याची सवय आठ महिन्यांची होती, ती चष्म्यासोबत लगेच जात नाही. बाजूने काढलेला फोटो जुन्या फोटोशेजारी ठेवून दाखवला, तेव्हा ती वादकाच्या लक्षात आली. कंडक्टरचा पुसटपणा पहिल्या तीन-चार तालमींत टोचला, मग नाही. पहिल्या डेस्कवर बसायची वेळ आली तर पुन्हा विचार करावा लागेल; तिथे कंडक्टरचे डोळे वाचायचे असतात.

तीन महिन्यांनी अश्रूंचा थर ९ सेकंद. खांद्याची तक्रार नाही. एक नवी अडचण मात्र आली: दुसऱ्या सभागृहात खुर्च्या दाटीने लावल्या होत्या, स्टँड ६० सेंमीवर आला आणि पान पुन्हा जड वाटू लागलं. त्यावर साधा तोडगा निघाला. व्हायोलिनच्या पेटीत आता एक सुती दोरी असते. तिचं टोक नाकावरच्या जोडाशी धरायचं. पहिली गाठ ७२ वर, दुसरी ७८ वर, तिसरी ९२ वर. बसल्या बसल्या शेजारी ती स्टँडपर्यंत ताणतो, स्टँड सरकतो, मग सूर जुळवायला सुरुवात होते. पुढची तपासणी वर्षाने. नंबर बदलला तर गाठीही बदलतील.